छोट्या शहराला नवीन टाकीपेक्षा चांगला व्हॉल्व्हमन जास्त लागतो

कुठल्याही छोट्या शहरातली निवडणूक बघा, जाहीरनाम्यात नवीन पाण्याची टाकी असते, नवीन रस्ता असतो, नवीन पूल, नवीन पथदिवे, सगळं नवीन. आहे ती पाइपलाइन गळू देणार नाही, आहेत ती गटारं पावसाच्या आधी साफ करू, बंद पडलेला दिवा दोन दिवसांत लावू, असं कोणी लिहीत नाही आणि लिहिलं तरी त्यावर मत देणारे किती निघतील हा प्रश्नच आहे. मला वाटतं छोट्या शहरांचं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. पाणी, ड्रेनेज, रस्ते, लाईट, कचरा या सेवांमुळे आपलं रोजचं जगणं चालतं हे सगळ्यांना मान्य आहे, पण तो फायदा बांधलेल्या वस्तूमुळे मिळतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो मिळतो ती वस्तू रोज चालवणाऱ्या, तपासणाऱ्या आणि वेळेवर दुरुस्त करणाऱ्या माणसांमुळे. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की छोट्या शहराने पैसा, पदं आणि ट्रेनिंग आधी देखभालीला द्यावं आणि उरलेल्यातून नवीन काम काढावं. आज बहुतेक ठिकाणी याच्या नेमकं उलटं चालतं.

यासाठी मला जर्मनीतल्या आल्टोनाचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. आज आल्टोना हा हॅम्बुर्गचाच भाग आहे, पण १८९२ मध्ये ते वेगळं शहर होतं, हॅम्बुर्गला अगदी खेटून आणि हॅम्बुर्गपेक्षा बरंच लहान. दोन्ही शहरं एल्बे नदीचं पाणी प्यायची. हॅम्बुर्ग वरच्या अंगाला पाणी उचलायचं आणि आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी नदीत मिसळून झाल्यावर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कॉलरा आला आणि हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसं गेली, आल्टोनात त्यामानाने फार थोडी. हद्दीवरच्या रस्त्यावर तर एका बाजूच्या घरांत कॉलरा आणि समोरच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, हवा तीच, माणसं तशीच, फक्त नळाचं पाणी वेगळं. आल्टोना नदीचं घाण पाणी वाळूच्या फिल्टरमधून गाळून देत होतं, आणि हॅम्बुर्गसारखं श्रीमंत बंदर फिल्टरच्या खर्चावर वर्षानुवर्षं चर्चा करत न गाळलेलं पाणी लोकांना पाजत होतं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते आणि त्यातून "फिल्टर बांधला म्हणून वाचले" एवढाच अर्थ काढला जातो. पण पुढचा हिवाळा बघा. १८९३ च्या सुरुवातीला त्याच आल्टोनात, तीच फिल्टरची व्यवस्था असताना, कॉलऱ्याचे पेशंट निघाले. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी मूळ शोधलं तेव्हा लक्षात आलं की कडाक्याच्या थंडीत एक फिल्टर साफ करताना त्यातली वाळू गोठली होती आणि पाणी नीट न गाळलं जाताच पुढे गेलं होतं. या फिल्टरमध्ये नुसती वाळू काम करत नाही, वाळूवर जो पातळ चिकट थर धरतो तो जंतू अडवतो, तो थर फार जाड झाला की पाणी उतरेनासं होतं म्हणून वरची वाळू खरवडावी लागते, आणि खरवडल्यावर थर परत धरेपर्यंत दम धरावा लागतो. हे सगळं नजरेचं आणि हाताच्या सवयीचं काम आहे. कॉख यांनी त्यानंतर आग्रह धरला की प्रत्येक फिल्टरचं पाणी वेगवेगळं आणि रोज तपासा, एका घनसेंटीमीटरमध्ये १०० पेक्षा जास्त जंतू निघाले तर ते पाणी गावात सोडू नका. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच हे कळून चुकलं होतं की बांधकाम एकदा करून भागत नाही, त्याच्यामागे रोज तपासणारा माणूस उभा करावा लागतो.

आता छोट्या शहरात हा माणूस कोण असतो? व्हॉल्व्हमन, फिटर, पंप ऑपरेटर, लाईनमन, गटार साफ करणारे कामगार, एखादा ज्युनियर इंजिनियर ज्याच्याकडे पाणीही असतं आणि रस्तेही असतात. यातल्या व्हॉल्व्हमनकडे आपण कधी नीट बघतच नाही. लांब दांड्याची चावी घेऊन येतो, रस्त्यातलं झाकण उघडतो, चार आटे फिरवतो आणि जातो, एवढंच दिसतं. पण कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडला की चढावरच्या शेवटच्या घराला पाणी पोचतं आणि सखल भागातली जुनी लाईन फुटत नाही हे त्याला माहीत असतं. व्हॉल्व्ह एकदम उघडला किंवा एकदम बंद केला तर पाण्याचा धक्का बसतो आणि तो धक्का पाइपाचे जॉइंट उखडू शकतो, म्हणून तो सावकाश फिरवतो. कुठल्या गल्लीत लोखंडी पाइप संपून प्लास्टिकचा सुरू होतो, कुठे जुनी लाईन बंद म्हणून सोडून दिली पण आतून अजून जोडलेलीच आहे, हे कागदावर बहुतेक ठिकाणी नसतं, त्याच्या डोक्यात असतं.

गळती शोधणारी टीम तर रात्रीच काम करते, साधारण २ ते ४ च्या मधे, कारण त्या वेळी लोक झोपलेले असतात, वापर जवळजवळ थांबलेला असतो, तरीही मीटर फिरतोय म्हणजे पाणी जमिनीत मुरतंय. मी एकदा अशा टीमबरोबर उभा राहून बघितलंय. एक लोखंडी दांडी व्हॉल्व्हच्या डोक्यावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं, आणि ऐकायचं. बारीक सूं असा आवाज येतो. मग पुढच्या व्हॉल्व्हवर जाऊन परत ऐकायचं, आवाज वाढला की कमी झाला यावरून गळती कुठे असेल ते पकडायचं आणि खडूने रस्त्यावर फुली मारायची. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रंही निघालीत, ती चांगली आहेत, घ्यावीत, पण तो आवाज गळतीचा आहे की जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा आहे की कोणाच्या टाकीत चाललेल्या पाण्याचा, हे ओळखणारा कान तयार व्हायला वर्षं लागतात.

आणि गळती म्हणजे फक्त पाणी वाया जाणं नाही. पाइपात प्रेशर असतं तोपर्यंत भोकातून पाणी बाहेर येतं. पाणी बंद केलं, लाईन रिकामी व्हायला लागली की आत पोकळी तयार होते आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, शेजारून गटार जात असेल तर गटाराचं. म्हणून जिथे दिवसातून तासभरच पाणी सोडतात तिथे धोका जास्त, आणि पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ पाणी येतं ते बऱ्याचदा यामुळेच. यावर उपाय म्हणून कोणी नवीन टाकी मागतं, कोणी नवीन योजना मागतं. गळक्या जाळ्याला मोठी टाकी जोडली तर जास्त पाणी गळेल, दुसरं काय होणार? आधी गळती, मग प्रेशर, मग टाकी, हा क्रम कोणीही अनुभवी इंजिनियर सांगेल, पण फोटो काढण्यासारखं यात काही नसतं.

आता कोणी म्हणेल की नगरपालिकेच्या कामगारांचं इतकं कौतुक कशाला, कामचुकारपणा आम्ही बघत नाही का. बघतो. आणि त्याची किंमत किती भयंकर असू शकते ते कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या वॉकर्टनने बघितलंय. पाचेक हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथे जोरदार पाऊस झाला, शेतातल्या शेणखताचं पाणी एका उथळ विहिरीत उतरलं, आणि त्या विहिरीचं पाणी नळाला जात होतं. पाण्यात क्लोरिन पुरेसं नव्हतं. ७ माणसं गेली आणि २,३०० च्या वर आजारी पडली, म्हणजे जवळजवळ अर्धं गाव. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशीत जे बाहेर आलं ते वाचताना राग येतो. पाणी चालवणारे लोक बहुतेक दिवशी क्लोरिन मोजायचेच नाहीत, वहीत अंदाजाने आकडे भरायचे. ते गावातलेच होते, वर्षानुवर्षं तेच काम करत होते, आणि आपल्या विहिरीचं पाणी चांगलंच आहे अशी त्यांची खात्री होती. लायसन्स त्यांना परीक्षा न देता, जुने कर्मचारी म्हणून मिळालेलं होतं. लॅबचा वाईट रिपोर्ट आल्यावरही तो आरोग्य खात्याला सांगितला गेला नाही, आणि लॅब खासगी होती, तिने थेट आरोग्य खात्याला कळवलंच पाहिजे असा नियमच नव्हता.

माझ्या मुद्द्याला हे उदाहरण सोयीचं नाही असं वाटेल, पण मला ते सगळ्यात जास्त लागू पडणारं वाटतं. अनुभव एकटा पुरत नाही. अनुभवी माणसाला हे काम का करायचं ते शिकवलं नाही, त्याच्या वहीवर कोणी नजर ठेवली नाही, तर तोच अनुभव बेफिकीर होतो. आणि वॉकर्टनमध्ये चूक फक्त त्या लोकांची नव्हती, प्रांत सरकारने पर्यावरण खात्याचं बजेट कापलं होतं, त्यामुळे तपासणीही ढिली पडली होती. चौकशीने हेही सांगितलं की त्या विहिरीवर क्लोरिन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं बसवलेली असती तर हा उद्रेक टळला असता. त्या गावाला नवीन धरण नको होतं. सतत मोजणारं एक यंत्र, ट्रेनिंग मिळालेली माणसं आणि त्यांचं काम येऊन बघणारा कोणीतरी हवा होता. पुढे २००२ मध्ये ऑन्टारियोने पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा कायदाच केला.

फिनलंडमधल्या नोकिया गावाचं पण असंच. मोबाइलच्या कंपनीला जिचं नाव मिळालं तीच ही जागा, तीसेक हजार वस्ती. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथे एक व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी पिण्याच्या लाईनमध्ये शिरलं, आठ हजारांहून जास्त लोक आजारी पडले. त्या दोन लाईन एकमेकींना जोडलेल्या मुळात असायलाच नको होत्या. देश श्रीमंत, यंत्रणा आधुनिक, आणि घात केला एका व्हॉल्व्हने.

रस्त्यांकडे या. रस्त्याचा खरा शत्रू ट्रक नाही, पाणी आहे. डांबराला बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी खालच्या खडीत उतरतं, खडी मऊ पडते, मग वरून गाडी गेली की डांबर खचतं आणि खड्डा तयार होतो. भेग दिसली तेव्हाच डांबर ओतून बुजवली तर थोडक्यात भागतं, नाही बुजवली तर पुढे अख्खा थर उखडून परत करायला लागतो आणि तोच खर्च अनेक पटींनी वाढतो. हे सगळ्या बांधकाम विभागांना माहीत आहे. पण भेगा बुजवायला लागतात दोनचार माणसं, डांबराचा ड्रम आणि दरवर्षीची थोडी तरतूद, आणि ती तरतूद बजेटमध्ये सगळ्यात आधी कापली जाते कारण ती कापल्याचं त्या वर्षी कोणाला कळत नाही. कळतं ते तीनचार वर्षांनी, आणि तोवर कापणारे बदललेले असतात.

दुसरी गोष्ट खोदाईची. नवा रस्ता झाला आणि लगेच कोणीतरी केबलसाठी नाहीतर पाइपासाठी चर मारला, हे बघून कोणाचाही जीव जळतो. चर मारण्याबद्दल माझी तक्रार नाही, चर मारावाच लागतो. तक्रार बुजवण्याबद्दल आहे. चर थराथराने, प्रत्येक थर दाबून भरायचा असतो, तो एकदम माती लोटून भरला की पहिल्या पावसात बसणारच, मग तिथे पाणी साचतं आणि वर सांगितलेलं सगळं सुरू होतं. मोठ्या शहरात निदान असं म्हणता येतं की दहा वेगवेगळी खाती आहेत, कोणाचा कोणाला पत्ता नाही. छोट्या शहरात पाणी आणि रस्ते बऱ्याचदा एकाच मजल्यावर, कधी एकाच टेबलावर असतात. तिथे पाइप आधी आणि डांबर नंतर हे जमलं नाही तर त्याला कारण देता येत नाही. आणि जिथे जमतं तिथे ही जवळीक किती मोठी ताकद आहे ते दिसतं, कारण तक्रार घेऊन आलेला माणूस, ती लिहून घेणारा क्लार्क आणि दुरुस्तीला जाणारा फिटर एकमेकांना चेहऱ्याने ओळखत असतात, दुरुस्ती झाली नाही तर उद्या बाजारात गाठ पडणार असते.

ठेकेदारीबद्दलही बोललं पाहिजे. माझा ठेक्याला सरसकट विरोध नाही. पाइप टाकणं, टाकी बांधणं, दिवे बदलणं, ज्याची मोजदाद होते आणि जे एकदा संपतं ते काम ठेक्याने द्यायला हरकत नाही. पण जाळ्याची माहिती ठेक्याने देता येत नाही. दर वर्षी नवा ठेकेदार, दर वर्षी नवी पोरं, त्यांना व्हॉल्व्ह कुठे गाडला गेलाय हे शोधण्यातच अर्धं वर्ष जातं, आणि जे कळलं ते ती पोरं जाताना सोबत घेऊन जातात. वर त्यांना पगार इतका कमी की चांगलं शिकलेला पोरगा टिकत नाही. मग जुना व्हॉल्व्हमन रिटायर झाला की त्यालाच फोन करून विचारायचं, काका तो चौकातला व्हॉल्व्ह नेमका कुठे. हे बऱ्याच ठिकाणी चालतं आणि तो बिचारा येतोही, कारण त्याला कामाची आस्था असते. पण शहराचा पाणीपुरवठा एका माणसाच्या आठवणीवर चालवणं हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे नकाशा. तो म्हातारा व्हॉल्व्हमन नोकरीत असतानाच त्याच्यासोबत एक तरुण इंजिनियर वर्षभर फिरवा, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक जॉइंट मोबाइलवर जागेसकट नोंदवा, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह वर्षातून एकदा तरी पूर्ण बंद करून उघडून बघा, कारण न हलवलेला व्हॉल्व्ह गंजून अडकतो आणि लाईन फुटते त्या दिवशीच ते लक्षात येतं. याला मोठी योजना लागत नाही.

दुसरं म्हणजे शेवटच्या नळाचा आकडा. क्लोरिन प्लांटवर किती टाकलं याला महत्त्व कमी आहे, लाईनच्या अगदी टोकाच्या घरात किती उरलं ते महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन शिल्लक असावं. ते तपासायला छोटं किट पुरतं, पाण्यात गोळी किंवा पावडर टाकली की क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी होतं, जेवढं जास्त तेवढा रंग गडद, आणि सोबतच्या पट्टीशी रंग जुळवायचा, दोन मिनिटांचं काम. हा आकडा रोज वेगवेगळ्या भागातल्या टोकाच्या घरातून घ्या आणि ऑफिसच्या बाहेर फळ्यावर लिहा. आणि तो नगरपालिकेच्या माणसाशिवाय दुसरं कोणीतरीही अधूनमधून घेत राहिलं पाहिजे, शाळेच्या प्रयोगशाळेतले शिक्षक असोत की आरोग्य खातं, नाहीतर वॉकर्टनच्या वहीसारखंच होईल.

आता पैसा, कारण शेवटी सगळे तिथेच येऊन थांबतात. लोक पाणीपट्टी वाढवायला तयार नसतात, पुढारी वाढवायला घाबरतात. पण जिथे नगरपालिकेची सेवा खराब असते तिथे प्रत्येक घर काय करतं ते बघा. गच्चीवर टाकी, खाली टाकी, मोटर, मोटरचं लाईट बिल, फिल्टर, फिल्टरचे सुटे भाग, कमी पडलं तर टँकर, आजारपण आलं तर दवाखाना. हा सगळा खर्च आपण पाण्यासाठीच करतोय, फक्त तो पाणीपट्टीत दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं पाणी स्वस्त आहे. ज्याला परवडतं तो असा आपल्यापुरता छोटा पाणीपुरवठा घरात उभा करतो, आणि एकदा केला की त्याला नगरपालिकेच्या पाण्याशी देणंघेणं उरत नाही, तो तक्रारही करेनासा होतो. उरतात ते ज्यांना परवडत नाही, आणि त्यांचा आवाज पोचत नाही. पट्टी सगळ्यात कमी ठेवून गरिबाचं भलं होतं हे मला म्हणूनच पटत नाही. गरिबाला पहिले काही हजार लिटर अगदी नाममात्र दरात द्या, जास्त वापरणाऱ्याकडून जास्त घ्या, आणि मीटर बसवा, नाहीतर हे ठरवणार कसं.

मात्र पट्टी वाढवताना लोकांना एक गोष्ट लेखी मिळाली पाहिजे, की हा पैसा वेगळ्या खात्यात राहील आणि पाण्यावरच खर्च होईल. पाणीपट्टीतून कमान बांधली तर पुढच्या वेळी कोणी एक रुपया वाढवून देणार नाही, आणि का द्यावा? आणि जुने पाइप बदलण्याचा साधा हिशोब तरी मांडा. शहरातली लाईन दर वर्षी एक टक्का बदलली तरी सगळी बदलून व्हायला १०० वर्षं लागतात, आणि एवढंही बऱ्याच ठिकाणी होत नाही, म्हणजे आपण असं धरून चाललोय की आज टाकलेला पाइप नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकेल. सगळे पाइप टिकत नाहीत. कुठला आधी बदलायचा हे कुठे किती वेळा फुटला त्याच्या नोंदीवरून कळतं, आणि ती नोंद ठेवायला परत तोच फिटर, तोच नकाशा, तीच वही लागते.

एकट्या छोट्या शहराला सगळं परवडणार नाही हेही मान्य आहे. चांगली लॅब, गळती शोधायचं महागडं यंत्र, गटार साफ करायची जेटिंग मशीन, एखादा खरा तज्ज्ञ इंजिनियर, हे प्रत्येक गावाने वेगळं घ्यायची गरजच काय? आजूबाजूच्या चारपाच गावांनी मिळून घ्यावं. जेटिंग मशीन तर घ्यावीच घ्यावी, कारण मॅनहोलमध्ये माणूस उतरवून त्याचा जीव धोक्यात घालणं आजच्या काळात कुठल्याही कारणाने चालवून घेता कामा नये, आतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. "आमच्याकडे बजेट नाही" हे उत्तर या एका बाबतीत तरी ऐकून घेऊ नका. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की त्याला टाकीबद्दल विचारायच्या आधी हे विचारा की पाणी आणि ड्रेनेज विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गेल्या वर्षी देखभालीला ठेवलेल्या पैशातून खरंच किती खर्च झाले. बऱ्याच जणांना उत्तर देता येणार नाही, पण सगळ्या वॉर्डांत हेच विचारलं गेलं तर पुढच्या वेळी माहिती काढून यावंच लागेल.